४६ अंशांतलं हॉलिवूड

कडक उन्हाचा नवतपा लागला की नागपुरात दुपारी बारा ते पाच दोनच गोष्टी चालू असतात: कूलरचा पंप आणि कूलरवरून होणारं भांडण. सीताबर्डीवर चिटपाखरू दिसत नाही. डांबर चपलेला सोडत नाही. ज्याला बाहेर पडणं भाग आहे तो डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा टाकतो आणि भिंतीच्या सावलीला चिकटून चालतो. अशा वेळी धरमपेठेतल्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, बनियन आणि लुंगी अशा पोशाखात बसलेले एक निवृत्त काका टीव्हीवर ‘रिअर विंडो’ लावतात. या उन्हाळ्यातली ही तिसरी वेळ. आयुष्यातली कितवी, ते काकूंना ठाऊक आहे. पण तो विषय काढलेला त्यांना चालत नाही.

हिचकॉकचा हा चित्रपट १९५४चा. पाय प्लॅस्टरमध्ये अडकलेला एक फोटोग्राफर खिडकीपाशी बसून समोरच्या बिऱ्हाडांवर नजर ठेवतो आणि एका शेजाऱ्याने बायकोचा खून केला असावा असा त्याला संशय येतो. सुरुवातीलाच कॅमेरा थर्मामीटरवर जातो. पारा ९४ फॅरनहाइटवर. न्यूयॉर्कची मंडळी घामाघूम झाली आहेत, एक जोडपं तर गादी घेऊन बाहेरच्या लोखंडी जिन्यावर झोपलं आहे. काका मनातल्या मनात हिशेब करतात. ९४ म्हणजे आपले साडेचौतीस. मग ते मोठ्याने हसतात.

“साडेचौतीसमध्ये हे हाल! अरे बाप्पा, एवढ्या गारव्यात आम्ही स्वेटर शोधून राहिलो असतो!”

हिचकॉकने या प्रसंगात कुणी हसावं अशी सोय केलेली नाही. पण नागपूरचा प्रेक्षक कुठे हसेल, हे हिचकॉकच्याही हातात नव्हतं. आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, त्याचा पाय मोडला आहे म्हणून तो बसून आहे. तुमचे दोन्ही धड आहेत. कूलरमध्ये पाणी टाका.”

असे काका नागपुरात दर गल्लीला एक नसले, तरी दर मोहल्ल्याला एक हमखास सापडतो. तो चित्रपटाचं नाव सालासकट घेतो. ‘सिनेमा’ हा शब्द तो १९७०पर्यंतच्या निर्मितीलाच लावतो; त्यानंतर जे झालं त्याला ‘आजकालचं’ म्हणतो. नातवाने सुपरहिरो लावला की तो पाच मिनिटं पाहतो आणि विचारतो, “यात ग्रेगरी पेक कोण आहे?” नसला की त्याच्यापुरता चित्रपट संपला. त्याच्या पाकिटात कुटुंबाचा फोटो नसतो, पण इन्ग्रिड बर्गमनची उंची त्याला इंचात पाठ असते.

हे प्रेम आलं कुठून? चित्रपटकलेवरची निष्ठा, सौंदर्यदृष्टी वगैरे उत्तरं काका पाहुण्यांसमोर देतात. खरं उत्तर हवामान खात्याकडे आहे.

हॉलिवूड आणि गारवा यांची सोयरीक जुनी. १९२५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरिअर यांनी वातानुकूलन यंत्र बसवलं. पहिल्या खेळाला पॅरामाउंटचे मालक अॅडॉल्फ झुकोर बाल्कनीत येऊन बसले. लोक नेहमीच्या सवयीने हातपंखे घेऊन आले होते. यंत्राची हवा पसरली तसे एकेक करून पंखे मांडीवर टेकले, आणि झुकोर यांची खात्री पटली. तोवर उन्हाळा म्हणजे थिएटरवाल्यांचा मंदीचा काळ असे. त्यानंतर तोच कमाईचा झाला. नागपूरकराला हे तत्त्व कुणी शिकवावं लागलं नाही. मॅटिनीचं तिकीट काढणारा माणूस पडद्यावर कोण आहे हे नंतर पाही. आधी तो दारातल्या डोअरकीपरला विचारी, “एसी चालू आहे ना?” ‘वातानुकूलित’ आणि ‘एअर कूल्ड’ या दोन पाट्यांमधला फरक नागपूरच्या शाळकरी पोरालाही कळे. पहिलीत यंत्र असतं आणि दुसरीत आशा.

जुने नागपूरकर इंग्रजी सिनेमा म्हटलं की सदरच्या लिबर्टीचं नाव घेतात. सदर म्हणजे छावणीच्या काळापासूनचा भाग; चर्च, कॉन्व्हेंट, बेकऱ्या आणि रेल्वेत नोकरी करणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं. इंग्रजी विनोदावर थिएटरात पहिलं हसू या मंडळींचं उमटे. मग दोन सेकंदांनी महालातून सायकल हाणत आलेले विद्यार्थी हसत. आणखी दोन सेकंदांनी सगळं थिएटर हसे, कारण न हसणाऱ्याला इंग्रजी येत नाही असं शेजाऱ्याला वाटलं असतं. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्ये कोण कुणावर गोळ्या झाडतं आहे, हे कित्येकांना गणवेशावरूनच उमगलं. या पिढीला हॉलिवूडचे संवाद पाठ नाहीत. भुवया पाठ आहेत. पेकची डावी कधी वर जाते आणि बोगार्टचा ओठ कधी हलतो, हे काका डोळे मिटून सांगतात.

भाषेचा प्रश्नच न येणारे दोघं तर घरचेच झाले होते. लॉरेल आणि हार्डी ही नावं उच्चारायची तसदी मराठी माणसाने फारशी घेतली नाही. एक जाड होता आणि दुसरा सारखा रडत असे, म्हणून त्याने त्यांना ‘जाड्या-रड्या’ करून टाकलं. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या प्रसिद्धी खात्याला इतकं नेमकं नाव सुचलं नसतं.

नागपूर हे शहरही टॉकीजच्या नावाने चालतं. अलंकार टॉकीजपासून डावीकडे, आनंद टॉकीजच्या मागे, पंचशील चौकातून सरळ. पडद्यावरचा खेळ संपला तरी पत्त्यातला चालू राहतो. त्यातला मानाचा चौक म्हणजे सीताबर्डीचा व्हरायटी चौक. नाव चित्रपटगृहाचं, आणि मध्ये पुतळा महात्मा गांधींचा. सिनेमाचं वावडं असलेल्या माणसाला सिनेमाच्या नावाच्या चौकात उभं करणं, हा विनोद नागपूरने कुणालाही न विचारता केला आणि मग त्याच पुतळ्यासमोर बसून वर्षानुवर्षं धरणी-उपोषणं केली.

क्लासिकवाले काका मात्र या पुतळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. त्यांच्या दृष्टीने तो चार्ली चॅप्लिनच्या मित्राचा पुतळा आहे. २२ सप्टेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेच्या धामधुमीत, लंडनच्या कॅनिंग टाउन भागात एका डॉक्टरांच्या घरी दोघांची भेट झाली. चॅप्लिन त्या वेळी जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक. पण हे गृहस्थ कोण, हे गांधीजींना सांगावं लागलं होतं. चॅप्लिनने विचारलं की तुमचा यंत्रांना विरोध का. गांधीजींनी यंत्र आणि परावलंबन यांचं नातं समजावलं. पाच वर्षांनी, १९३६मध्ये, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आला आणि त्यात माणूस यंत्राच्या दात्यांत अडकला. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. नागपूरहून पाऊणशे किलोमीटर. “म्हणजे बघा,” काका म्हणतात, “चॅप्लिनची कथा-कल्पना ज्यांनी दिली ते आपले शेजारी!” इतिहासकार एवढी मोठी उडी घेणार नाहीत. पण इतिहासकार लिबर्टीच्या बाल्कनीत बसलेले नव्हते.

गांधीजींनी पुढे, १९४४मध्ये जुहूला विश्रांती घेताना, एक हॉलिवूडपट पाहिलाही: ‘मिशन टू मॉस्को’. तो त्यांना मुळीच आवडला नाही. हा भाग काका सांगत नाहीत.

काकांचा दुसरा दावा याहून भक्कम आहे. हॉलिवूडच्या नकाशावर विदर्भाची एक नदी आहे. किपलिंगने ‘जंगल बुक’ची कथा घडवली ती सिवनीच्या रानात, आणि मोगलीच्या नदीचं नाव ठेवलं ‘वैनगंगा’. सिवनी नागपूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तो जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे मोगली, शेरखान आणि बल्लू या तिघांचीही कचेरीची कामं निघाली असती तर त्यांना नागपूरलाच यावं लागलं असतं. १९४२मध्ये झोल्टन कोर्डाने यावर ‘जंगल बुक’ केला. त्यातली वैनगंगा कॅलिफोर्नियात वाहिली, अजगर कारखान्यात बनला, पण मोगली खरा भारतीय होता. म्हैसूरकडच्या एका माहुताचा मुलगा साबू. वयाच्या तेराव्या वर्षी ‘एलिफंट बॉय’मधून तो पडद्यावर आला आणि पाहता पाहता जगाचा झाला. भंडाऱ्याच्या माणसाला आजही हे सांगितलं तर तो पुलावरून खाली पाहतो आणि विचारतो, “हीच का ते?”

जन्माने भारताशी नातं असलेल्या तारका काका बोटांवर मोजतात. ‘गॉन विथ द विंड’ची व्हिव्हिअन ली १९१३मध्ये दार्जिलिंगला जन्मली. ‘वुदरिंग हाइट्स’ची मर्ल ओबेरॉन १९११ची, जन्म मुंबईचा, पण हॉलिवूडमध्ये आपली मिश्र वंशाची ओळख उघड होऊ नये म्हणून तिने आयुष्यभर जन्मगाव टास्मानिया सांगितलं. इथे काकांचा आवाज जरा खाली येतो. मग ते स्वतःला सावरून म्हणतात, “नागपूरची असती तर लपवलं नसतं. नागपूरचा माणूस पाच मिनिटांत पकडला जातो.”

त्या ‘जंगल बुक’चं संगीत मिक्लोश रोझा यांचं. सतरा वर्षांनी याच माणसाने ‘बेन-हर’ला संगीत दिलं. काकांच्या मते ही साधीसुधी बाब नाही. वैनगंगेचं पाणी लागलं होतं.

‘बेन-हर’ विदर्भाला समजावून सांगावा लागला नाही. १९५९चा हा चित्रपट, ११ ऑस्कर, आणि तो विक्रम ‘टायटॅनिक’ व ‘रिटर्न ऑफ द किंग’ यांनी पुढे गाठला तरी ओलांडला नाही. त्यातली रथांची शर्यत म्हणजे चित्रपट-इतिहासातलं मोठं धाडस, असं जगभरचे समीक्षक लिहितात. भंडारा-गोंदियाकडचा प्रेक्षक तो प्रसंग पाहून एवढंच म्हणाला, “शंकरपट आहे ना हा!” पटावर बैलजोडी सुटते तेव्हा धूळ तेवढीच, आरडाओरड तेवढीच, आणि हरल्यावर पंचांना दिल्या जाणाऱ्या शिव्या लॅटिनपेक्षा कितीतरी सकस. फरक एकच. रोममध्ये चार्लटन हेस्टनला चार पांढरे घोडे मिळाले. त्यांची नावं ताऱ्यांची: अल्टेअर, रायजेल, अँटारेस आणि अल्डेबरन. यातला अल्डेबरन म्हणजे आपल्या रोहिणी नक्षत्रातला ठळक तारा. आणि सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा सुरू होतो. हा धागा काकांना सापडला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि त्यांनी तो काकूंना उठवून सांगितला.

कट्टर हॉलिवूडप्रेमींत पंथ असतात. पेकपंथी सदाचारी, सरळमार्गी. बहुधा वकील किंवा शिक्षक. बोगार्टपंथी कमी बोलतात, जास्त धूर काढतात आणि आपलं एक अपुरं प्रेमप्रकरण होतं असं सुचवत राहतात. त्यांच्या पत्नींना तसं काही नव्हतं हे पक्कं ठाऊक असतं. सर्वांत मोठा तंटा दोन हेपबर्नचा. ऑड्री आणि कॅथरीन यांचं एकमेकींशी काही नातं नव्हतं. पण नागपुरात अनेक वर्षं त्या मावशी-भाची म्हणून खपल्या. कॅथरीनने अभिनेत्रीची चार ऑस्कर मिळवली, ऑड्रीने एक. तरी घरात कॅलेंडर ऑड्रीचंच लागलं. या अन्यायाबद्दल कॅथरीनपंथी अजून बोलतात.

ऑड्रीचं ते एक ऑस्कर ‘रोमन हॉलिडे’साठी. १९५३चा चित्रपट. वकिलातीतून पळालेली राजकन्या, वार्ताहर पेक, आणि दोघांना घेऊन रोमभर उधळणारी व्हेस्पा. पेकने स्वतः आग्रह धरला की या नवख्या मुलीचं नाव माझ्या बरोबरीने मोठं छापा. दगडी तोंडात हात घालण्याच्या प्रसंगात त्याने पंजा बाहीत लपवला आणि ऑड्री खरोखरच किंचाळली. मूळ कथा डाल्टन ट्रम्बोची. पण कम्युनिस्ट म्हणून तो काळ्या यादीत असल्यामुळे ऑस्कर दुसऱ्याच्या नावे गेलं आणि त्याच्या वाट्याचं १९९३मध्ये, तो वारल्यावर सतरा वर्षांनी आलं. काका हा तपशील सांगताना सरकारी निवृत्तिवेतनाच्या फायलीचं उदाहरण देतात.

या चित्रपटाचा नागपूरवर काय परिणाम झाला? मे महिन्यात शंकरनगर चौकात पाच मिनिटं उभं राहावं. एकामागून एक दुचाकीवरून मुली जातात. प्रत्येकीने डोकं, कान, नाक, मान असं सगळं स्कार्फमध्ये बांधलेलं, वर गॉगल. ऑड्रीच्या स्कार्फमधून निदान चेहरा दिसत असे. इथे प्रत्यक्ष बापाला मुलगी गाडीच्या नंबरवरून ओळखावी लागते. ऑड्रीने रोममध्ये केस कापून घेतले. नागपुरात ओळख लपवायला तिला दीड मीटर सुती कापड पुरलं असतं, आणि पेकला बातमी मिळालीच नसती.

‘माय फेअर लेडी’ १९६४चा. त्यात ऑड्रीची गाणी बहुतांशी मार्नी निक्सनने गायली. रंगभूमीवर हीच भूमिका गाजवणाऱ्या ज्युली अँड्र्यूजला या चित्रपटात घेतलं नव्हतं. त्या वर्षीचं ऑस्कर तिने ‘मेरी पॉपिन्स’साठी नेलं, आणि ऑड्रीला नामांकनसुद्धा मिळालं नाही. मूळ नाटक शॉचं, पु. ल. देशपांड्यांनी १९७५मध्ये त्याची ‘ती फुलराणी’ केली. मुंबई-पुण्याकडे हे गमतीचं नाटक मानतात. नागपूरकराला ते आत्मचरित्र वाटतं. बारावीनंतर पुण्याला गेलेलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात कुठल्यातरी खोलीच्या मालकीणबाईंसमोर उभं असतं आणि “मी येऊन राहिलो” म्हटल्यावर “येऊन कुठे राहिलास?” हा प्रश्न ऐकतं. नाटकातल्या प्रोफेसर हिगिन्सला बोली सुधारून एक एलायझा घडवायला सहा महिने लागले. पुण्यात हे काम घाऊक चालतं. फक्त दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आलं, की स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्याशी बोलताना दोन मिनिटांत मूळपदावर येतं.

पुण्याचा विषय निघाला की ‘कासाब्लांका’ येणारच. १९४२च्या या चित्रपटात एक अख्खं शहर बाहेर पडायच्या कागदांची वाट पाहत बसलं आहे. कुणी दागिने विकतं, कुणी ओळख लावतं, आणि सगळ्यांचा डोळा लिस्बनच्या विमानावर. परदेशी समीक्षकांना यात युद्धकाळाची व्यथा दिसते. काकांना नागपूर-पुणे गाडीची प्रतीक्षायादी दिसते. बोगार्टच्या हॉटेलात जे वातावरण आहे, तेच दिवाळीच्या आधी खाजगी बसच्या बुकिंग ऑफिसात असतं. पियानो तेवढा नसतो. चित्रपट बर्बँकच्या स्टुडिओत उभा राहिला, मोरोक्कोत नव्हे. बर्गमन बोगार्टहून उंच, म्हणून त्याला टाचेखाली ठोकळे मिळाले. शेवटच्या प्रसंगातलं विमान छोट्या आकाराचं आणि पुठ्ठ्याचं. ते मोठं दिसावं म्हणून त्याच्याभोवती बुटकी माणसं मेकॅनिक करून उभी केली, आणि उरलेलं सगळं धुक्याने झाकलं. आणि पियानोवाल्याला ‘पुन्हा वाजव’ म्हणणारं जे वाक्य जगभर या चित्रपटाचं म्हणून फेकलं जातं, ते त्या शब्दांत चित्रपटात नाहीच. काका हे लग्नाच्या पंगतीत सांगतात. समोरच्याने कढी मागितलेली असते.

लग्नावरून आठवण झाली. विदर्भातली वरात आणि हॉलिवूड यांचा संबंध सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. १९६१मध्ये ‘कम सप्टेंबर’ आला. इटलीतला बंगला, रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिदा. त्याची धून बॉबी डॅरिनची. चित्रपट लोक विसरले, पण धून बँडवाल्यांनी ठेवून घेतली. नंतर १९९५च्या ‘राजा’ या हिंदी चित्रपटातल्या गाण्यानेही तिचा आधार घेतला. इतवारीच्या अरुंद गल्लीत, मे महिन्याच्या संध्याकाळी, घोड्यावर घामाने भिजलेला नवरदेव, पुढे ट्रम्पेटवर सप्टेंबरची धून, आणि भोवती नाचणारे मामा. ही रॉक हडसनची धून आहे असं काका एकदा एका मामांना सांगायला गेले. मामांनी त्यांनाच मध्ये ओढून नाचवलं.

क्लार्क गेबलने मात्र नागपूरवर उपकारच केले. ‘इट हॅपन्ड वन नाइट’, १९३४. मुख्य पाचही ऑस्कर एकाच चित्रपटाला मिळण्याची ती पहिली खेप. श्रीमंत बापाची पळालेली मुलगी, बेकार वार्ताहर, आणि रात्रीच्या बसचा लांबलचक प्रवास. हिंदीत याचे ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है कि मानता नहीं’ झाले. त्यात एका प्रसंगी गेबल शर्ट काढतो आणि आत बनियन नसतं. अमेरिकेत त्यानंतर बनियनचा खप कोसळला, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा कुणी देत नाही आणि मागतही नाही. नागपुरात हा धोका संभवत नव्हता. इथे उन्हाळ्यात उलटा प्रकार असतो. शर्ट नसतो, बनियन असतं. पोस्टमन, पाहुणा, वीज मंडळाचा माणूस, सगळ्यांचं स्वागत त्याच वेषात होतं. गेबलने जे एकदा करून नाव कमावलं, त्याची अर्धी आवृत्ती नागपूरचे पुरुष रोज दारात उभे राहून करतात.

उन्हाळ्याचा खरा चित्रपट बिली वाइल्डरचा. ‘सम लाइक इट हॉट’ हे १९५९चं नाव तर नागपूरच्या वेशीवर पाटी म्हणून लावण्यासारखं. मे २०२४च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा काही तास नागपूर जगभर गाजलं. मग सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं. नागपूरकर हिरमुसले. उकाड्यात का होईना, पहिला नंबर आला होता. त्याआधीचा वाइल्डरचा ‘द सेव्हन इयर इच’, १९५५. मॅनहॅटन तापलं आहे, बायका-मुलं थंड हवेच्या गावी पाठवली आहेत, आणि मागे राहिलेल्या नवऱ्याच्या वरच्या मजल्यावर मेरिलिन मन्रो राहायला येते. तिला त्याच्यापेक्षा त्याच्या घरातल्या एसीचं आकर्षण अधिक. भुयारी रेल्वेच्या जाळीवर उडणाऱ्या पांढऱ्या झग्याचा प्रसंग हाच. १९५४च्या सप्टेंबरात तो मध्यरात्री लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर चित्रित करताना एवढी गर्दी उसळली की पुढे स्टुडिओत पुन्हा घ्यावा लागला. काका हा चित्रपट एकट्याने पाहतात. काकू आल्या की वाइल्डरच्या पटकथेच्या बांधणीबद्दल बोलू लागतात.

या साऱ्या ज्ञानाचा काकांना प्रत्यक्षात उपयोग झाला असता, असा एक प्रसंग गेल्या उन्हाळ्यात आला.

कूलरला खिडकी उघडी लागते. आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर घर गार होत नाही, दमट होतं. ‘रिअर विंडो’तल्या बिऱ्हाडांकडे एसी असते तर हिचकॉकला काहीच दिसलं नसतं. तर काकांचीही खिडकी उघडी होती, आणि समोरच्या घरातल्या वहिनी चार दिवसांपासून दिसत नव्हत्या. नवरा दिसत होता. रात्री अकरानंतर तो स्कूटर काढायचा, वीस मिनिटांनी पोतं घेऊन परतायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा जायचा. एका रात्रीत तीन फेऱ्या. चित्रपटातला शेजारीही पावसात पेटी घेऊन अशाच फेऱ्या मारतो. काकांनी पेंचच्या जंगलासाठी घेतलेली दुर्बीण काढली. पोत्यातून काहीतरी टपकत होतं.

“वहिनी दिसून नाही राहिल्या,” काका कुजबुजले.

“माहेरी गेल्या असतील,” काकू म्हणाल्या. “मे महिना आहे.”

‘सेव्हन इयर इच’ पंधरा वेळा पाहिलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पण ज्याच्या डोक्यात एक चित्रपट चालू असतो, त्याला दुसरा दिसत नाही. काकांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. समोरच्या माणसाने पोतं खाली ठेवलं, मान वर केली आणि थेट काकांच्या डोळ्यांत पाहिलं. चित्रपटात या क्षणी अख्ख्या थिएटरचा श्वास अडकतो. इथे फोन वाजला.

“काका, बर्फ पाहिजे का? तीन दिवसांपासून पाहून राहिलो, तुम्ही खिडकीतून हलूनच नाही राहिले. कूलर बंद पडला का तुमचा? मी माझ्याच्यात लादी टाकून राहिलो. येईपर्यंत अर्धी विरघळते, म्हणून तीन चकरा होतात.”

काका काही बोलायच्या आत काकूंनी फोन घेतला. “अर्धी लादी पाठव रे,” त्या म्हणाल्या. “पन्हं करते. तूही ये.”

आठवड्याने समोरच्या वहिनी अमरावतीहून परतल्या. सोबत लोणच्याच्या दोन बरण्या होत्या आणि एक निर्णय होता: या घरात आता एसी बसणार. बसलाही. त्या संध्याकाळी समोरची खिडकी लागली ती कायमची. काका दोन दिवस गप्प होते. हिचकॉक लावला नाही, वाइल्डरही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत नेली. तिकडे पलीकडच्या प्लॉटवर तीन मजली इमारत आहे, आणि पहिल्या मजल्यावर अजून कूलर आहे.